हालीचा मुलूख, कलदारचा मुलूख

लातूरहून अंबाजोगाईकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर रेणापूर लागते. रेणा नदी, रेणुकामातेचे देऊळ, फाट्यावरची हॉटेले. घाईतला प्रवासी इथे चहापुरता थांबतो. आपण जरा जास्त थांबू, कारण १९३५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत या रस्त्याच्या दोन टोकांना दोन माणसे राहत होती. दक्षिणेकडे लातुरात कासिम रझवी नावाचे वकील कोर्टाच्या पायऱ्या चढत-उतरत होते. उत्तरेकडे अंबाजोगाईत, म्हणजे निजामी कागदांतल्या मोमिनाबादेत, स्वामी रामानंद तीर्थ नावाचे भगव्या कपड्यांतले शिक्षक योगेश्वरी शाळा चालवत होते. पुढे दहा-बारा वर्षांनी दिल्लीत सरदार पटेलांच्या टेबलावरच्या फायलींमध्ये ही दोन्ही नावे रोज येऊ लागली. रेणापूर बरोबर मधल्या रस्त्यावर. एका बलाढ्य देशाने आपल्या पोटात अडकलेल्या, दारे लावून बसलेल्या आणि आतून डळमळणाऱ्या शेजाऱ्याशी काय केले, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला सापडत नाही.

निजामाच्या राज्याला ‘शेजारी देश’ म्हणणे आज विचित्र वाटेल. तेव्हा वाटत नव्हते. बार्शी-सोलापूरकडची माणसे आमच्या भागाला ‘मोगलाई’ म्हणत आणि तिकडे मुलगी द्यायची म्हणजे दोनदा विचार करत. मोगलाईत नाणे वेगळे होते, हाली. इंग्रजी रुपया तो कलदार. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली पडत, आणि लातूरच्या आडतीत बसलेल्या मुनिमाला हा हिशेब झोपेतही करता येई. पोस्टाचे तिकीट वेगळे, फौज वेगळी, दरबारची आणि कोर्टाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचे. वेशीवर करोडगिरीचा नाका असे. करोडगिरी म्हणजे निजामाचे जकात खाते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर शेकडा पाच. सरहद्दीवरच्या गावातली म्हातारी लुगड्याच्या घडीत काय लपवून आणते याच्यावर करोडगिरीच्या शिपायाची नजर, असे किस्से मराठवाड्यात घरोघरी ऐकायला मिळतात.

राज्य लहान नव्हते. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस मैलांच्या वर, १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटी साठ लाखांहून अधिक. सोळा जिल्हे: आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. राजा मीर उस्मान अली खान, सातवा निजाम, १९११ पासून गादीवर. १९३७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापले. एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट नव्हती, समुद्र. राज्याच्या चारही बाजूंना दुसऱ्याची जमीन. शेवटच्या काळात हैदराबादच्या वकिलांनी पोर्तुगीजांशी मुरगाव बंदराबद्दल बोलणी केली ती यापायी. पण मुरगावपर्यंत पोहोचायलाही भारतातूनच जावे लागणार होते, एवढी साधी गोष्ट त्या बोलण्यांत कुणाला अडचणीची वाटली नाही असे दिसते.

आणि तरीही हे राज्य बंद होते असे म्हणताना जरा जपून म्हणावे लागते. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला येणारी अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे घ्या. बार्शी लाइट रेल्वे ही खासगी इंग्रजी कंपनी, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभारलेली. १९११ मध्ये तिचे रूळ लातूरला पोहोचले आणि लातूरची पेठ वाढली. कापूस, भुईमूग, डाळी या गाडीतून बाहेर जात. मीठ, कापड, रॉकेल आत येई. रेणापूरच्या शेतकऱ्याचा माल बैलगाडीने लातूरच्या गंजात, तिथून या गाडीने मुंबईला. म्हणजे राज्याची वेस कितीही पक्की असली तरी पोट तिच्या बाहेरून भरत होते. शेजारी दार लावतो तेव्हा चूल कुणाच्या लाकडावर पेटते हे आधी बघावे.

माणसे मात्र खरोखर कोंडलेली होती. परवानगीशिवाय सभा घेता येत नसे, संस्था काढता येत नसे. म्हणून इथले राजकारण साहित्याच्या आणि वाचनालयांच्या आडोशाने वाढले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, पुढचे लातूरला. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. जन्माआधी मृत्यूचा दाखला निघालेली ही बहुधा एकमेव संघटना असावी. त्याच साली उस्मानियाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतले अनेक नागपूरला शिकायला गेले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकी एक. स्वामीजींनीही त्या वर्षी शाळा सोडली आणि सत्याग्रहात उतरले.

दुसऱ्या टोकाच्या वकिलाचा प्रवास वेगळा. इत्तेहादुल मुस्लिमीन ही संघटना १९२७ पासून होती आणि बहादूर यार जंग यांच्या वक्तृत्वावर ती मोठी झाली. १९४४ मध्ये ते अचानक वारले. दोन वर्षांनी अध्यक्षपद लातूरच्या कासिम रझवींकडे आले. अलीगढला शिकलेले, दाढी राखलेले, बोलायला उभे राहिले की थांबायचे नाव नाही. इत्तेहादची स्वयंसेवक दले म्हणजे रझाकार. शब्दाचा अर्थ नुसता स्वयंसेवक. मराठवाड्यात आज तो अर्थ कुणाच्या मनात येत नाही.

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढले: इंग्रज गेल्यावर हैदराबाद भारताच्या घटना समितीत जाणार नाही, पाकिस्तानच्याही जाणार नाही, स्वतंत्र राहील. १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा फडकवल्याबद्दल स्वामीजी तुरुंगात गेले. दिल्लीपुढचा पेच इथून सुरू होतो. फौजेच्या हिशेबात तो पेचच नव्हता. भारताच्या तुलनेत निजामाची नियमित फौज किरकोळ, सुमारे २२ हजारांची. अडचण अशी की बोलायचे कुणाशी?

२७ ऑक्टोबर १९४७ ची पहाट या प्रश्नाचे उत्तर देते. निजामाचे शिष्टमंडळ ‘जैसे थे करारा’साठी दिल्लीला निघायचे होते. त्यात पंतप्रधान नवाब छतारी, सर सुलतान अहमद आणि इंग्रज बॅरिस्टर सर वॉल्टर माँक्टन. हे माँक्टन म्हणजे आठव्या एडवर्डला इंग्लंडची गादी सोडताना सल्ला देणारे. राजांच्या शेवटच्या दिवसांत बोलावायचा माणूस! करार ठरला होता. पहाटे इत्तेहादच्या जमावाने तिघांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघू शकले नाही. योगायोग असा की त्याच दिवशी भारतीय फौज श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरत होती, आणि रझवी निजामाला सांगत होते की भारत काश्मिरात अडकला आहे, आता दामटून मागा. छतारींनी राजीनामा दिला. नवे शिष्टमंडळ गेले, महिनाभर घासाघीस झाली आणि २९ नोव्हेंबरला जवळपास त्याच अटींवर एक वर्षाचा करार झाला. मधल्या महिन्यात काय बदलले? अटी नव्हे. पंतप्रधान बदलला, मीर लायक अली आले. आणि सर्वांना कळले की राज्याची किल्ली राजाच्या हाती राहिलेली नाही.

दुबळ्या शेजाऱ्याचे सामर्थ्य कधीकधी याच्यातच असते. मी पडलो तर तुझ्या अंगावर पडेन, ही त्याची धमकी. चीन आणि उत्तर कोरिया यांचे संबंध पाहा. यालू नदीवरच्या दानदोंगच्या पुलावरून धान्य आणि माल जातो, तेल नळातून जाते. नळ बंद करणे बीजिंगला सहज शक्य आहे, पण पलीकडची राजवट कोसळली तर निर्वासितांचा लोंढा आणि बेवारस शस्त्रे त्याच नदीवरून येतील. म्हणून राग गिळून नळ चालू राहतो. दिल्लीने हैदराबादशी थोडी वेगळी चाल खेळली. नळ अर्धा बंद केला.

करार झाल्यावर जानेवारी १९४८ मध्ये कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत आले. गुजराती कादंबरीकार, वकील, आणि गप्प बसायचा स्वभाव नाही. सिकंदराबादेत असलेले भारतीय सैन्य करारानंतर काही आठवड्यांत बाहेर पडले. त्याच सुमाराला उघडकीला आले की हैदराबादने पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिले आहे, तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. शिवाय एक वटहुकूम काढून राज्यात कलदार चालणार नाही असे ठरवले. दिल्लीने हे करारभंग म्हणून मोजले. हैदराबादची उलट तक्रार अशी की भारत कागदावर नाकेबंदी नाकारतो पण पेट्रोल, यंत्रांचे सुटे भाग, मीठ, औषधे, पाणी शुद्ध करायचे क्लोरिनसुद्धा वेशीवर अडते. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. मोठ्या शेजाऱ्याची नाकेबंदी बहुधा अशीच असते, हुकूम कुणीच काढलेला नसतो. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमन करार संपल्यावर भारताने नेपाळच्या सरहद्दीवरची दोन सोडून बाकी नाकी बंद केली, तेव्हा काठमांडूत केरोसीनच्या रांगा लागल्या आणि दिल्ली म्हणत होती की करारच उरला नाही तर आम्ही काय करणार.

निजामाकडची शस्त्रे येत होती वरून. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमाने भरून आणी आणि बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवी. जमिनीवरचा रस्ता अडवलेल्या राज्याने आभाळातला रस्ता शोधला होता.

आता वेशीच्या या बाजूचे, म्हणजे भारताच्या हद्दीतले, सांगितले पाहिजे. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या सांगण्यात ते अभिमानाने येते आणि यावेही. पण त्याच गोष्टीचा दुसरा अर्थही आहे. स्टेट काँग्रेसने बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेड, चांदा अशा भारतीय गावांतून सरहद्दीला कॅम्प उभारले होते. तिथून कार्यकर्ते रात्री मोगलाईत शिरत, करोडगिरीचे नाके जाळत, पोलीस ठाण्यांवर हल्ले करत आणि उजाडायच्या आत परतत. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजी गेले त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची सरकारी बँक लुटली गेली. पैसा लढ्याच्या कामाला गेला. प्रांतिक सरकारांना हे माहीत नव्हते असे म्हणायला फार भोळेपणा लागेल. शेजाऱ्याच्या घरात गोंधळ आहे ही दिल्लीची तक्रार रास्त होती. त्या गोंधळाची एक बाजू आपल्याच ओसरीवर मुक्कामाला होती, हेही तितकेच खरे.

पलीकडे रझाकारांनी सरहद्दीवरची गावे वेठीला धरली. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याचे हत्याकांड झाले. उस्मानाबाद, बीड, नांदेडच्या गावांतून हजारो कुटुंबे घरदार टाकून बार्शी-पंढरपूरकडे, वऱ्हाडाकडे गेली. तेलंगणात कम्युनिस्टांनी जमीनदारांची गावे ताब्यात घेतली होती. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना हैदराबादच्या रस्त्यावर मारले. भारतात सामील व्हा असे ते लिहीत होते. ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडण्यात आला. शोएबुल्लांचे नाव मराठवाड्यात जितके घ्यायला हवे तितके घेतले जात नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

दिल्लीत एकमत नव्हते. नेहरूंना काश्मीर, संयुक्त राष्ट्रे आणि उरलेल्या भारतातल्या मुसलमानांची काळजी. पटेलांना वाटे, उशीर जितका तितका आजार खोल. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन २१ जूनला मायदेशी गेले, जाण्याआधी त्यांनी हैदराबादला इतक्या सवलतींचा मसुदा देऊ केला होता की पटेलांनी तो मोठ्या नाइलाजाने मान्य केला. निजामाने तोही फेटाळला. मागे वळून पाहताना हसू येते आणि वाईटही वाटते. एवढे चांगले कलम त्याला पुन्हा कुणी देणार नव्हते, पण सही करायला लागणारा हात कुणाचा हेच ठरत नव्हते. ऑगस्टमध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली. ११ सप्टेंबरला कराचीत जिना वारले.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे ‘ऑपरेशन पोलो’ सुरू झाले. भारताचे सरसेनापती अजून इंग्रजच होते, जनरल बुचर. आदल्या रात्रीपर्यंत ते कारवाई पुढे ढकला म्हणत होते. मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींच्या हाताखाली सोलापूरहून निघाली. नळदुर्गजवळचा बोरी नदीचा पूल उडवायच्या आत हाती आला, पुढे उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद. दुसऱ्या फौजा औरंगाबाद-जालन्याकडून आणि पूर्वेकडून विजयवाड्याहून. १७ तारखेला संध्याकाळी निजामाने युद्धबंदी जाहीर केली, १८ ला निजामाचे सेनापती जनरल एल इद्रूस यांनी शरणागती दिली. पाच दिवसांत आटोपले. ज्या रझाकारांच्या भाषणांत लाल किल्ल्यावर झेंडा लागत होता त्यांना सोलापूर रस्ता चार दिवस धरता आला नाही. पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद तक्रार ऐकायला बसली आणि दुसऱ्याच दिवशी तक्रारदार उरला नव्हता. काही दिवसांतच निजामाने ती मागे घेतली.

या कारवाईचे नाव आमच्याकडे ‘पोलीस ॲक्शन’. नाव दिल्लीने विचारपूर्वक निवडले होते. सैन्य गेले असे म्हटले तर पलीकडे देश आहे असे कबूल केल्यासारखे. पोलीस गेले म्हटले की घरातला मामला.

पाठ्यपुस्तकातला धडा इथे संपतो आणि आपला रस्ता लातूरला परत येतो. राजवट कोसळते तेव्हा वरचा खांब निघतो आणि भिंती दुसरीकडेच पडतात. फौज पुढे निघून गेली, जुने पोलीस पळाले, नवे आले नव्हते, आणि गेल्या वर्षभराचा सूड गावोगाव उगवायला मोकळा झाला. नोव्हेंबरअखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांची सद्भावना समिती भारत सरकारच्या सांगण्यावरून राज्यात हिंडली. तिच्या अंदाजाने पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार मुसलमान मारले गेले. सगळ्यात जास्त झळ लागलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. समितीने लातूरबद्दल वेगळे लिहिले. रझवींचे गाव, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची श्रीमंत पेठ. तिथे कत्तल वीस दिवसांवर चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार समितीला गावात सापडले. हजाराहून अधिक मेले, बाकीचे नेसत्या कपड्यानिशी पळाले. शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणारे हिंदूही समितीने नोंदवले, आणि काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांचा हातही. अहवाल सरकारने छापला नाही. सामान्य वाचकाच्या हाती तो यायला साठ-पासष्ट वर्षे लागली.

मराठवाड्यात १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते. तो मुक्तीचा दिवस आहेच, ज्यांच्या घरातली माणसे रझाकारांनी मारली त्यांना हे सांगावे लागत नाही. पण लातूरच्या काही घरांत वय सांगताना अजून ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी मी कडेवर होतो’ असे म्हणतात आणि पुढचे वाक्य बोलत नाहीत.

आता हिशेब कुणाचा कसा लागला ते बघू. स्वामीजी तुरुंगातून सुटले, १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून लोकसभेत गेले, जमीनसुधारणा आणि भाषावार प्रांतरचना यांसाठी आपल्याच पक्षाशी भांडले, १९७२ मध्ये वारले. नांदेडचे विद्यापीठ त्यांच्या नावाचे आहे. रझवींवर खटले चालले. शिक्षेची वर्षे त्यांनी पुण्याच्या येरवड्यात काढली. १९५७ मध्ये पाकिस्तानात जायच्या अटीवर सुटले आणि १९७० मध्ये कराचीत वारले. लातूरच्या कच्छी पेढ्या पुन्हा तशा उभ्या राहिल्या नाहीत.

आणि निजाम? ज्याने एकाही सामीलनाम्यावर वेळेवर सही केली नाही, त्याला दिल्लीने पदच्युत केले नाही. सगळा दोष रझवी आणि लायक अलींवर टाकायला तोही तयार होता, दिल्लीही. वर्षाला पन्नास लाखांचा तनखा ठरला. २६ जानेवारी १९५० ला मीर उस्मान अली खान भारतीय प्रजासत्ताकातल्या हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले आणि १९५६ मध्ये ते राज्य तीन भाषांत वाटले जाईपर्यंत राहिले. रेणापूरच्या शेतकऱ्याचा त्या सहा वर्षांतला जमिनीचा कागद ज्या सरकारच्या नावाने निघे, त्याच्या शिरोभागी पूर्वीचाच माणूस होता.